क्लेमेंटीनबायच्या वाडीतला घोळ

"खताचं तेवढं माझ्यावर सोडा! पंधरा दिवसांत ढीग लावून दाखवते, आणि तोही फुकट!"

हे मी बोलले उमेळ्यात, क्लेमेंटीनबायच्या वाडीत, चिकूच्या झाडाखाली, दोन्ही हात कमरेवर ठेवून. साक्षीला बारा कुटुंबं होती. त्यातलं एक आमचंच, म्हणजे मी आशालता आणि माझे यजमान सुधाकर. बाकीच्या अकरा कुटुंबांनी टाळ्या वाजवल्या. सुधाकरांनी नाही वाजवल्या. ते हळूच मागे सरकून चप्पल शोधायला लागले होते. छत्तीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी शिकतोच!

आधी वाडीचं सांगते. क्लेमेंटीनबाय शहात्तर वर्षांच्या. नवरा रेमंड जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा क्लेटन कॅनडात. उमेळ्यात आजूबाजूच्या वाड्या एकेक करून गेल्या, तिथे सात-सात मजले उभे राहिले. या बाईने मात्र आपली वाडी ठेवली. पण एकटीच्याने रेटेना, म्हणून तिने तिचे बारा तुकडे पाडले आणि आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांना भाजी लावायला भाड्याने दिले. एकेक तुकडा आमच्या हॉलएवढा. मी एकतीस वर्षं टपाल खात्यात शिक्के मारले. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मुळा उपटला तेव्हा मी त्याला घरी नेऊन फ्रीजमध्ये न ठेवता टीव्हीशेजारी ठेवला होता. दोन दिवस! येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला!

तर असं आमचं छान चाललेलं. पण खत महागलं. पहिल्या वर्षी चाळीस किलोची गोणी दोनशे ऐंशीला यायची. मग साडेतीनशे, मग साडेचारशे, आणि त्या नोव्हेंबरात दुकानदाराने शांतपणे सांगितलं, "पाचशे साठ."

"अहो, शेणखत मागतेय मी! केशर नाही!"

"मॅडम, मिळतंय ते नशीब समजा," तो म्हणाला. "टॉवरवाले ट्रकच्या ट्रक उचलतात. पाचव्या मजल्यावर त्यांना बगीचा करायचा असतो."

म्हणजे बघा हं! ज्या इमारतींनी वाड्या खाल्ल्या, त्यांनाच आता वर झाडं लावायची होती आणि त्यासाठी आमचं खत हवं होतं! मी परतताना रिक्षात हे सुधाकरांना तावातावाने सांगितलं. ते म्हणाले, "आपणही अशाच एका इमारतीत राहतो." काही माणसांना वेळ कळत नाही.

दोन कुटुंबांनी वाफे सोडायची भाषा सुरू केली. एवढ्या महागाचं खत घालून दीड किलो वांगी येणार असतील तर बाजार बरा, असं त्यांचं म्हणणं. आणि क्लेमेंटीनबायने सगळ्यांना एकत्र बोलावून स्पष्टच सांगितलं होतं. "तुम्ही आठ जनं तरी रहायला पायजे. चार-पाच उरले तर मना परवडायचं नाय. मंग क्लेटन सांगते तसं करीन. विकून टाकीन."

हे ती चिडून बोलली नव्हती. भात शिजलाय सांगावं तशा आवाजात बोलली होती. म्हणून तर ते खरं वाटलं. आणि त्या धास्तीतूनच माझं ते वाक्य बाहेर पडलं. खताचं माझ्यावर सोडा!

मी तीन व्हिडिओ पाहिले. तिन्हीत सांगितलं होतं की माशांचे उरलेसुरले तुकडे घातले की खत झणझणीत होतं. अर्नाळ्याची कॅथरीन आमच्या दारावर पंधरा वर्षं मासळी घेऊन येते. तिलाच विचारलं.

"कॅथरीन, तुझ्याकडे टाकाऊ काय असतं गं?"

"टाकाऊ?" तिने पाटीवरचा हात थांबवला. "पंधरा वरसं माझ्याकडून म्हावरा घेता आनि आता इचारता टाकाऊ काय असते?"

"तसं नाही गं! खतासाठी! डोकी, काटे, शेपट्या!"

ती हसून हसून लाल झाली. मग म्हणाली की हल्ली काटेसुद्धा कोंबड्यांचं खाद्य बनवणारे नेतात, फुकट काही राहिलं नाही, पण माझ्यासाठी ती बघेल. आणि तिने खरंच पाहिलं! शुक्रवारी सकाळी टेम्पोतून सहा टोपल्या आल्या. त्यात एका अगडबंब घोळ माशाचा आख्खा कणा होता, मुंडक्यासकट. घोळ मासा तुम्हाला ठाऊक असेल. चांगला माणसाएवढासुद्धा होतो. शिवाय दोन टोपल्या सुक्या मासळीचा चुरा. टेम्पोवाल्याने टोपल्या उतरवल्या आणि भाडं घेताना नाक दाबूनच नोटा मोजल्या.

क्लेमेंटीनबायने दोन दिवस आधीच परवानगी दिली होती. "मागच्या कोपऱ्यात काय करायचं ते कर. मना इचारू नको." मी नाहीच विचारलं. हे लक्षात ठेवा, पुढे मला त्याचं फार वाईट वाटणार आहे.

ढीग मी आणि सुधाकरांनी मिळून लावला. खाली सुकी पानं, वर मासळी, वर सुताराकडचा भुसा, पुन्हा पानं. रुंदी तीन फूट हवी, असं व्हिडिओत होतं. लांबी सुधाकरांनी ठरवली. ते मध्ये आडवे झाले आणि म्हणाले, "माझ्याएवढी पुरे." कुत्री येऊ नयेत म्हणून त्यावर आमची एक जुनी पांढरी चादर घातली आणि कडेने विटा ठेवल्या. आत हवा खेळावी म्हणून डोक्याकडच्या बाजूला एक बांबू खोचला. कावळे बसू नयेत म्हणून त्या बांबूला आडवी काठी बांधून चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या. आदल्याच दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार झाला होता. आमच्या सोसायटीतल्या सगळ्या बायकांच्या घटावरचे झेंडूचे हार मी गोळा करून आणले होते. तेही खतातच जायचे होते, पण तोवर माझी कंबर गेली होती. म्हटलं, राहू देत वरच. आणि संध्याकाळी वास यायला लागला तेव्हा मी चार बाजूंना उदबत्त्या लावल्या.

आता तुमच्या डोळ्यांसमोर जे उभं राहिलं ना, ते माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा अजिबात उभं राहिलं नाही! मला फक्त खत दिसत होतं!

शनिवारी मी उदबत्त्या लावल्या. रविवारीही लावल्या. रविवारी बाकीची कुटुंबं वाडीत आली, नाकाला रुमाल लावून भाजीला पाणी घातलं आणि दहा मिनिटांत पसार झाली. एकाने लांबूनच विचारलं, "आशाताई, हे असंच वास मारतं का?" मी म्हणाले, "चांगलं असलं की मारतं!"

सोमवारी सकाळी आठ वाजता मी उदबत्तीचा पुडा आणि राहिलेला एक हार घेऊन वाडीकडे निघाले. सुधाकर मागून येत होते. डिसेंबरातली चांगली गार सकाळ होती. फाटकाशी पोचले तर माणसंच माणसं! तीस-चाळीस तरी असतील. शेजारच्या सातमजली इमारतीतले लोक, दोन वॉचमन, शाळेत निघालेली मुलं आणि एक पोलिसांची गाडी.

माझ्या हातातला हार आणि उदबत्त्या पाहून गर्दी आपोआप दुभंगली.

"जाऊ द्या, जाऊ द्या," कुणीतरी हळू आवाजात म्हणालं. "घरच्या आल्यात."

मला वाटलं, वाडीत नक्की काहीतरी कार्यक्रम आहे आणि मला बोलवायचं राहिलं! तेवढ्यात नाइटीवर स्वेटर घातलेली एक तरुण मुलगी पुढे आली. तिचं नाव अमिषा, सातव्या मजल्यावर राहते. ती रडवेल्या चेहऱ्याने म्हणाली, "काकी, मी शुक्रवारपासून खिडकीतून बघतेय. आधी वाटलं माझा भ्रम आहे. पण आज सकाळी त्यातून धूर यायला लागला ना, मग मी फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला."

"कशातून धूर?"

तिने बोट दाखवलं. आणि तेव्हा, मंडळी, तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसलं. सहा फूट बाय तीन फूट. पांढरी चादर. झेंडूचे हार. चार बाजूंना जळून गेलेल्या उदबत्त्या. डोक्याशी क्रूस! आणि त्या सगळ्यातून थंड हवेत हळूहळू वर चढणारी वाफ.

"अगं, हे खत आहे!" मी ओरडले.

कोणीही हललं नाही. फौजदारसाहेब पुढे आले. तरुण होते, देशावरचे, नवीनच बदली होऊन आलेले. "हा खड्डा तुम्ही केलात?"

"खड्डा नाही हो, ढीग! मी आणि यांनी मिळून!"

सुधाकर एक पाऊल मागे सरकले.

"आत काय आहे?"

"साहेब, घोळ आहे."

"घोळ आहे ते दिसतंय, बाई. आत काय पुरलंय ते विचारतोय."

"घोळच पुरलाय!"

"हे बघा, मी सरळ विचारतोय, तुम्हीही सरळ उत्तर द्या."

"सरळच सांगतेय! अर्धा घोळ! मुंडकं आणि कणा!"

गर्दीतून "आई गं!" असा आवाज आला. एक आजोबा खाली बसले. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हवालदाराला फावडं आणायला सांगितलं आणि माझ्याकडे वळून अगदी खालच्या आवाजात विचारलं, "क्लेमेंटीन बाई कुठे आहेत?"

"असतील घरात."

"घराला बाहेरून कुलूप आहे. फोन शुक्रवारपासून बंद आहे. वॉचमन म्हणतोय, तीन दिवसांत म्हातारी दिसलेली नाही."

मी वळून घराकडे पाहिलं. कौलारू घर, निळं दार आणि त्यावर हे एवढं मोठं पितळी कुलूप.

इथे मला जरा थांबायला हवं. हसत हसत सांगतेय खरी, पण त्या कुलपापाशी माझं हसू संपलं. ढिगात काय आहे ते मला माहीत होतं. पण क्लेमेंटीनबाय कुठे आहे ते मला माहीत नव्हतं! शुक्रवार, शनिवार, रविवार मी तिच्या अंगणातून गेले, आले. तिच्या विहिरीचं पाणी घेतलं. तिच्या पायरीवर बसून पाय धुतले. आणि एकदाही दाराकडे पाहिलं नाही. बारा कुटुंबांतल्या एकानेही पाहिलं नाही. आम्ही सगळे खाली मातीत बघत होतो.

बाई कुठे पडली असेल? कुलूप बाहेरून आहे म्हणजे घरात नाही. मग विहीर? माझ्या हातातला हार गळून पडला. आणि त्याच क्षणी, खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी माझ्या मनात एक विचार येऊन गेला. तो तुम्हाला आत्ता सांगत नाही. लाज वाटते.

तेवढ्यात कोपराला कुणीतरी हात लावला. गुळगुळीत दाढीचा, हातात दोन फोन धरलेला माणूस होता. "मॅडम, मी परेश. जमिनीचं बघतो. फार वाईट झालं. वारस एकच ना? कॅनडातला?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"नाही, त्यांना कळवायला नको? मी लावलाय व्हिडिओ कॉल. नंबर होता माझ्याकडे, आधी दोनदा बोललोय."

फोनच्या काचेत क्लेटनचा चेहरा होता. तिथे रात्र होती. माणूस झोपेतून उठून बसला होता आणि "मम्मा? मम्मा कुठाय?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता.

इकडे हवालदाराने चादर ओढली. पहिलं फावडं घातलं आणि फस्स! पोटात तीन दिवस कोंडलेली वाफ अशी उसळून वर आली की हवालदार फावडं टाकून मागे पळाला. त्याच्या मागे सगळी गर्दी, गर्दीच्या मागे वॉचमन! "गरम आहे!" हवालदार ओरडला. "साहेब, आत गरम आहे! जिवंत असेल!"

"अहो, खत तापतंच!" मी जीव तोडून सांगत होते. ऐकतंय कोण! दुसऱ्या घावाला तो कणा बाहेर आला. चांगला हातभर, वाफाळलेला, पांढराशुभ्र.

"मणका!" अमिषा किंचाळली.

त्या आरडाओरड्यात फाटकाशी एक रिक्षा थांबली. त्यातून एक बाई उतरली. डोळ्यांवर भलामोठा काळा चष्मा, डोक्यावरून कानापर्यंत बांधलेला रुमाल, हातात औषधांची पिशवी. ती चाचपडत गर्दीच्या कडेला आली आणि नेमकी सुधाकरांच्या शेजारी उभी राहिली. हे पुढचं मी स्वतः ऐकलेलं आहे, दोन हातांवरून. पण माझी नजर त्या मणक्यावर होती.

"कोन गेलं?" तिने विचारलं.

सुधाकरांनी तिच्याकडे न बघताच सुस्कारा सोडला. "वाडीच्या मालकीणबाई. क्लेमेंटीनबाय."

बाईने औषधांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "चांगली होती काय?"

"चांगली होती हो. बोलायला जरा फटकळ. पाणी सोडायला थोडी चिकट. पण मनाने चांगली."

"चिकट?"

"दहा मिनिटांत मोटर बंद करायची."

"मंग लाइटचं बिल काय तुझा बाप भरतो?"

सुधाकर वळले. चष्मा खाली आला. एका डोळ्यावर पांढरी पट्टी आणि दुसऱ्या डोळ्यात असा अंगार, की सुधाकर तिथल्या तिथे चिकूच्या बुंध्याला टेकून बसले!

"बाय!" मी धावले. मी तिला मिठी मारली आणि हमसून हमसून रडायला लागले. ती मला ढकलत होती. "अगे सोड, डोल्याला लागेल! मोतीबिंदू काढलाय!"

मग उलगडा झाला. शुक्रवारी पहाटे ती कुणालाही न सांगता इस्पितळात गेली होती. भाची ज्युली अर्नाळ्याहून आली आणि ऑपरेशन झाल्यावर तिला तीन दिवस आपल्या घरी घेऊन गेली. डॉक्टरांनी मोबाइलकडे बघू नका म्हणून सांगितलं, तर बाईने तो बंदच करून टाकला. क्लेटनला सांगितलं नाही, कारण तो म्हणाला असता, बघ, डोळे गेले, आता विकून इकडे ये. आणि आम्हाला?

"तुम्हाला काय सांगायचं?" ती म्हणाली. "तुम्ही भाजीला येता."

बोलण्यात रुसवा नव्हता. ते आणखीच वाईट.

परेशच्या हातातला फोन तिने काढून घेतला आणि नाकाला लावून बघितलं. "क्लेटन! रडू नको. मी हाय."

पलीकडे तो आधी आणखी मोठ्याने रडला. मग खूप चिडला. एकटी राहतेस, कुणाला सांगत नाहीस, मेलीस तरी कळायचं नाही, आता बस झालं, हे सगळं तो एका दमात बोलला. तिने ऐकून घेतलं. मग फोन उलटा करून गर्दीकडे फिरवला.

"बघ. मेल्ये तर तीन दिवसांत चाळीस मानसं आली. तुझ्या कॅनडात येतील?"

चाळीसातली निम्मी मुडदा बघायला आली होती, हे कुणी क्लेटनला सांगितलं नाही. परेशनेही नाही. त्याने फोन परत घेतला आणि तो गुपचूप फाटकाबाहेर पडला.

फौजदारसाहेब मात्र अजून कण्याकडे बघत उभे होते. मी त्यांना पुन्हा समजावलं की घोळ हा मासा असतो. ते म्हणाले, "बाई, आमच्या घरी अंडंसुद्धा शिजत नाही. तुम्ही सुरुवातीलाच मासा म्हणाला असतात तर?" बरोबर होतं त्यांचं. साधा शब्द होता. माझ्या तोंडून निघाला नाही.

आता राहिला ढीग. मला वाटलं, एवढं रामायण झालं, पण निदान खत तरी आहे! क्लेमेंटीनबायला वाकायला बंदी होती, तरी तिने काठीने चुरा उकरला, चिमूटभर हातात घेतला आणि नाकाशी नेला.

"सुकी मासली घातली?"

"हो! दोन टोपल्या!"

"खारवलेली?"

मी सुधाकरांकडे बघितलं.

"आशा, मिठात मुरलेली मासली मातीत घालशील तर बाराच्या बारा वाफे जलतील. चार पावसाल्यांत गवत नाय उगवायचं." तिने हात झटकला. "हे खत नाय. हे लोनचं हाय."

ते लोणचं उचलून न्यायला त्याच टेम्पोवाल्याला बोलवावं लागलं. या खेपेला त्याने दुप्पट भाडं घेतलं. सुधाकरांनी कागदावर काहीतरी हिशेब मांडला आणि मला दाखवला नाही. पण चेहऱ्यावरून कळलं, तेवढ्यात चांगल्या गोणी आल्या असत्या.

मग मी ते केलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मी क्लेमेंटीनबायच्या पायरीवर बसले आणि विचारलं, "बाय, तुम्ही खत कसं करत होता?"

तिने चष्म्यातून माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "तीन वरसं झाली तुम्हाला वाडी दिली. पयल्यांदा कोनी इचारलं. प्लास्टिकच्या पिशवीतून माती आनताना बघायची मी तुम्हाला, नि वाटायचं, यांना सांगावं काय? पन तुम्ही शिकलेली मानसं."

केळीचे बुंधे चिरून घालायचे. पालापाचोळा. तबेल्यातलं शेण. राख. भाजीची सालं. मधून मधून पाणी, महिन्यातून एकदा उलथंपालथं. आणि पाच महिने वाट बघायची. हे शेवटचं कुठल्याच व्हिडिओत एवढ्या स्पष्टपणे सांगितलेलं नव्हतं! बाराही कुटुंबांनी पाळ्या लावून घेतल्या. अमिषा सातव्या मजल्यावरून रोज सालांचा डबा घेऊन उतरायला लागली. तिला आधी त्या कोपऱ्यात जायची भीती वाटायची, नंतर तीच सगळ्यांत छान ढीग उलथायला शिकली. आणि एक पाळी आम्ही आणखी लावली, ती कुणी बोलून दाखवली नाही. जो सकाळी वाडीत येईल, त्याने आधी निळं दार वाजवायचं. क्लेमेंटीनबाय रोज आतून ओरडते, "हाय! हाय जिती! जा कामाला!"

मे महिन्यात ढीग उघडला. काळं, भुरभुरीत, हाताला न चिकटणारं. वास येत होता तो विहिरीकडच्या ओल्या सावलीसारखा. प्रत्येक वाफ्याला चार-चार घमेली आली. खरं सांगायचं तर तेवढ्याने भागत नाही. अर्ध्या गोणी आम्ही अजूनही विकतच आणतो, आणि गोणी आता सहाशे वीसला आहे. एक कुटुंब सोडून गेलं. अकरा उरलीत. आठाच्या वर आहोत, म्हणून वाडी आहे. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी.

त्या दिवशी मी आणि क्लेमेंटीनबाय दोघीच चाळणीने खत चाळत बसलो होतो. मधल्या काळात दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन होऊन दोन्ही डोळे आता लख्ख झाले होते तिचे. चाळता चाळता तिने एकदम विचारलं, "आशा, त्या दिशी तुला वाटलं ना मी मेल्ये? पयलं काय आलं मनात?"

मी चाळणी जोरजोरात हलवायला लागले. "किती वाईट वाटलं म्हणून सांगू, बाय!"

"त्याच्या आधी."

चाळणीतलं सगळं खाली पडून गेलं होतं. मी रिकामी चाळणी हलवत होते.

"माझ्या मनात आलं," मी म्हणाले, "आता आपल्या वाफ्याचं काय होणार? दुसऱ्या क्षणी तुमची आठवण झाली, शपथ! पण पहिलं ते आलं. वांग्याला नुकती फुलं धरली होती ना."

मला वाटलं ती उठून जाईल. ती खडे वेचत राहिली.

"रेमंड गेला ना," ती म्हणाली, "सकाली सहाला गेला. मी त्याचे डोले मिटवले. नि पयलं मनात काय आलं ठाव हाय? आता माडावर कोन चढनार. पन्नास वरसांचा संसार, नि मना नारल दिसले." तिने वेचलेले खडे बाजूला भिरकावले. "कोनाला नाय सांगितलं आजपातूर. फादरला पन नाय."

मला फार हलकं वाटलं. इतकं हलकं वाटलं की मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बाय, आता तुमचा-आमचा काही पडदा उरला नाही."

"नाय उरला," ती म्हणाली. तिने हात सोडवून घेतला, पदराला पुसला आणि उभी राहिली. "म्हनून सांगते. येत्या महिन्यापासून वाफ्याचं भाडं शंभर रुपयांनी वाढलं."

मी पुढचं घमेलं चाळणीत ओतलं. माती आता चांगली झाली होती ना!